पुढचा खांदा

सुंचोल गावाशी असलेल्या आमच्या लाग्वान गावाच्या तहाचा भाला माझ्या घरात आहे. चुलीच्या वर, धुरानं काळ्या पडलेल्या आढ्याला तो टांगलेला असतो. तसाच आमचा भाला त्यांच्याकडे, त्यांच्या बाजूनं तह सांभाळणाऱ्या मगांगनच्या घरात टांगलेला आहे. हा तह माझ्या आजोबांनी केला, वडिलांनी सांभाळला आणि वडील गेले तेव्हा, आम्ही दोघी बहिणीच असल्यामुळे, तो थोरली म्हणून माझ्याकडे आला. त्या वेळी सुंचोलच्या पुरुषांनी नाकं मुरडली होती. "बाईच्या हातात भाला? उद्या आमच्या माणसाला लाग्वानमध्ये कुणी हात लावला तर ही उग्गाय काय करणार, मुसळ घेऊन धावणार?" मी त्यांना घरी बोलावलं, पोटभर डुकराचं मटण खाऊ घातलं आणि हात धुताना सांगितलं, "मुसळं माझ्याकडे दोन आहेत. कुणाला कुठलं चालेल ते आत्ताच सांगून ठेवा." त्यानंतर कुणी तोंड उघडलं नाही.

तह सांभाळायचा म्हणजे सोपं काम नाही. सुंचोलचं माणूस नदी ओलांडून आमच्या बाजूला आलं की ते माझं पाहुणं. त्याचं काही बरंवाईट झालं तर जाब मला द्यायचा, आणि करणारा आमच्यातला असेल तर त्याला मीच पकडून पुढे उभा करायचा. पोलिसांना गुन्हेगार सापडायला वेळ लागतो. मला लागत नाही, कारण तो बहुतेक वेळा माझ्याच नात्यातला असतो.

वायलान माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. जीप चालवायचा. आमच्या डोंगरातल्या कॉफीची पोती भरून ताबुकच्या बाजारात न्यायचा. उंचापुरा, देखणा, आणि आपण उंचापुरे देखणे आहोत हे पुरेपूर ठाऊक असलेला. कॉफीच्या हंगामात एका दुपारी तो उसाची दारू पिऊन गाडीवर बसला आणि नदीवरच्या वळणावर त्यानं सुंचोलच्या आवींगला उडवलं. आवींग बाजार करून पायी घरी निघाला होता.

संध्याकाळी मी कोठाराखाली लाकडं घ्यायला वाकले तर वायलान तिथं अंग चोरून बसलेला.

"मेला का तो?" त्यानं विचारलं.

"मला काय विचारतोस? तुला माहीत नाही?"

"मी थांबलो होतो, मावशी. खाली उतरलो. त्याचा पाय... तो मला म्हणाला, 'वायलान, मला उचल.' त्यानं मला ओळखलं."

"मग?"

"मग मी गाडी चालू केली."

सुंचोलची बाजारकरी माणसं त्या वळणावर पोचली तेव्हा आवींग थंड पडला होता. नंतर कोर्टात डॉक्टर म्हणाले, तासाभरात आणलं असतं तर पाय गेला असता, पण जीव राहिला असता. गाडी ठोकली तेव्हा वायलानच्या पोटात दारू होती, हे मी समजू शकते. पळाला तेव्हा कुठली दारू होती? भीतीनं माणूस नशेत असल्यासारखा वागतो असं त्याचा वकील म्हणाला. वकिलांना तसं म्हणायचे पैसे मिळतात. मी त्याला त्याच संध्याकाळी मनगटाला धरून पोलिसांकडे नेलं. माझी बहीण माझ्या मागून रडत, शिव्या देत आली, आणि मी तिच्याकडे वळून पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर हात सुटला असता.

उजाडताच मी एकटी सुंचोलला गेले. मधली नदी झुलत्या पुलानं ओलांडायची आणि मग छाती फुटेपर्यंत चढायचं. त्यांच्याकडे रस्ता नाही. गावात शिरताना एका बाईनं माझ्यासमोर दार लावून घेतलं. आवींगच्या आईसमोर, सगळे जिला आपो म्हणजे आजी म्हणतात त्या सालिबासमोर, मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. पोरगा थांबला होता हे सांगितलं. आवींगनं त्याचं नाव घेऊन 'उचल' म्हटलं होतं, हेही सांगितलं. माझ्या गावात आजही काहीजण म्हणतात, ते एवढं तरी झाकायचं होतंस. झाकलं असतं तर आढ्याला टांगलेला तो भाला कशाला ठेवायचा? कपडे वाळत घालायला?

आमच्या सगळ्या नात्यानं मिळून म्हशी दिल्या. माझ्या आजोबांची कांस्याची घंटाथाळी दिली, जिचा आवाज सात डोंगर ऐकू जातो असं आम्ही बढाईनं सांगतो. मगांगननं दोन्ही गावांसमोर जाहीर केलं की खुनाचं देणं पोचलं. लोक उठायला लागले. तेव्हा सालिबा बोलली. बुटकी, वाळलेली बाई, हातांवर जुनं गोंदण, तोंडात सुपारी.

"मारलंत त्याचं मिळालं," ती म्हणाली. "टाकून गेलात त्याचं काय?"

वाटेत तहातल्या गावाचं माणूस जखमी सापडलं तर त्याला उचलून घरी पोचवायचं, हा नियम तहात आहे. तो नियम मोडला तर काय द्यायचं हे मात्र तहात नाही, कारण असं कुणी करेल हे माझ्या आजोबांच्या डोक्यातच आलं नव्हतं. मगांगन माझ्याकडे बघू लागला. मी म्हटलं, "पोरगा सुटून आला की त्याला घेऊन येते. तुम्हीच ठरवा." तोपर्यंत सालिबाच्या आणि वायलानच्या घरांमध्ये पाणी बंद राहिलं. पाणी बंद म्हणजे एकमेकांच्या हातचा घोटही घ्यायचा नाही. घेतला तर पोट फुगून माणूस मरतं. ताबुकच्या कॉलेजात शिकलेली आमची पोरं या गोष्टीला हसतात. हसतात, पण घोट घेत नाहीत.

काही वर्षांनी वायलान सुटला. तुरुंगात सुतारकाम शिकून आला होता, केस कमी झाले होते. माझ्या ओट्यावर बसून भात जेवला आणि मोठा श्वास सोडून म्हणाला, "झालं एकदाचं, मावशी. फेडलं सगळं."

"कुणाचं?"

"म्हणजे काय? शिक्षा भोगली ना!"

"ती सरकारची भोगलीस. सरकार आवींगबरोबर बाजाराला जात होतं का? सरकारची चूल विझली का? हात धू आणि चल."

"आत्ता?"

"नको, तुझं लग्न झालं की जाऊ. ऊठ!"

सालिबा ओसरीवर सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. तिनं वायलानकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, बाजारात म्हैस बघतात तसं. मग मगांगनला हाक मारली, आणि चार माणसं जमल्यावर बोलली.

"आमच्याकडे रस्ता नाही. आजारी माणूस आम्ही चादरीच्या झोळीत घालतो, झोळी बांबूला बांधतो आणि खांद्यावरून खाली तुमच्या रस्त्यापर्यंत नेतो. बांबूचा पुढचा खांदा माझ्या आवींगचा होता. पुढचा माणूस पायाखालची वाट बघतो आणि मागच्याला ओरडून सांगतो. तो गेल्यापासून पुढे कधी हा असतो, कधी तो, आणि आमची माणसं झोळीत आदळत जातात. तू पुढचा खांदा धर."

"किती दिवस, आपो?" वायलाननं विचारलं.

सालिबानं पुन्हा सूप हलवायला घेतलं. मी वायलानच्या पाठीत कोपर मारलं, तेव्हा तो "हो" म्हणाला.

हे ऐकून आमच्या लाग्वानमध्ये गदारोळ झाला. "आपल्या पोरानं त्यांची हमाली करायची?" माझ्याच चुलतभावानं विचारलं. मी म्हटलं, "तुला लाज वाटत असेल तर त्याच्या जागी तू जा. नाहीतर गप्प बस." तो गप्प बसला. सुंचोलमध्येही सगळे काही खूश नव्हते. आवींगच्या बरोबर खांदा देणारे तिघे, त्यांतला सिबाल हा मागच्या खांद्याचा, त्यांनी पहिल्याच दिवशी वायलानचं नामकरण केलं.

"ए जीप! हळू! इथं ब्रेक लागतो का बघ!"

"जीप, हॉर्न वाजव की! की हॉर्न तुरुंगात राहिला?"

आमच्या दरीत फोन लागत नाही. सुंचोलमध्ये कुणी आजारी पडलं की ते त्यांच्या कड्यावरून आमच्याकडे ओरडायचे, "उग्गाऽऽय! तुमची जीप पाठवा!" मग वायलान हातातलं काम टाकून पुलाकडे पळायचा, आणि तिकडे झोळी बांधून तयार होईपर्यंत वर पोचायचा. त्याचं नाव त्या गावात कुणी घेत नव्हतं. आवींगनं शेवटचं घेतलेलं ते नाव, ते तोंडात घ्यायची कुणाची इच्छा नव्हती.

सुरुवातीला त्याला काही जमायचं नाही. उंचीमुळे बांबू पुढून वर राहायचा आणि माणूस घसरून सिबालच्या पोटावर यायचा. मग त्यानं गुडघ्यात वाकून चालायची सवय लावली. तशी उतरण तुम्ही एकदा तरी उतरून बघा, मांड्या पेटतात. ओरडायची त्याला लाज वाटायची. "तोंडात काय सुपारी धरलीस?" सिबाल मागून खेकसायचा. "मला दिसत नाही पुढचं! तू नाही सांगितलंस तर मी काय पायांनी वास घेऊ?" हळूहळू त्याचा आवाज मोकळा झाला. "पायरी! खोल! ओला दगड, उजवा पाय! दरी डावीकडे!" पावसाळ्यात धुकं दाटलं की मला माझ्या ओट्यावरून झोळी दिसायची नाही, पण त्याचा आवाज खाली खाली येताना ऐकू यायचा. माझी बहीण तेव्हा भात कांडायची थांबायची आणि पुलाकडून रस्त्यावर तो आवाज पोचेपर्यंत मुसळ तसंच हातात धरून उभी राहायची. मी सांगते, मला त्या आवाजाचा अभिमान वाटायचा. लपवून कशाला ठेवू?

कॉफीचे हंगाम येत गेले. विंचू चावलेलं पोर, ताप डोक्यात गेलेला म्हातारा, अडलेल्या बायका, सगळे त्याच्या खांद्यावरून खाली आले. बाकीचे तिघे वर परतल्यावर कुणाच्या तरी ओसरीवर कॉफी प्यायचे. वायलान मात्र पुलावरूनच माघारी फिरायचा. झोळी घेऊन उतरताना तहान लागली तर झऱ्यावर सगळे पिऊन झाल्यावर, शेवटी, ओंजळीनं प्यायचा. सिबालनं एकदा न बोलता आपला दुधी भोपळ्याचा तुंबा त्याच्यापुढे धरला. सालिबाचं पाणी बंद असेपर्यंत वायलान तिच्या गावातल्या कुणाच्याच हातचं घेणार नव्हता; त्यानं मान हलवली आणि सिबालनंही मग आग्रह केला नाही. पण त्या दिवसापासून 'जीप' म्हणताना त्याच्या आवाजातला काटा गेला.

मग सालिबा बांधावरून पडली. या वयात शेताच्या बांधावर कशाला चढली होती असं कुणी विचारलं तर म्हणे, "माझ्या खाचरातलं पाणी तुमचा बाप बघणार?" कंबरेचं हाड मोडलं होतं. कड्यावरून हाक आली आणि या वेळी वायलानबरोबर मीही गेले, कारण झोळीत कोण आहे हे त्या ओरडणाऱ्यानं सांगितलं होतं.

पूर्ण उतरणभर म्हातारीनं त्याला सोडलं नाही.

"ओरडतोस काय असा? मी बहिरी नाही!"

"आपो, ते सिबालसाठी आहे."

"माझा आवींग एवढं ओरडत नसे. त्याला वाट पाठ होती."

"मला पण आहे, आपो."

"पाठ आहे तर मग त्या मुळाला का अडखळलास?"

"अडखळलो नाही. तुम्ही हललात."

"ऐका! कंबर मोडलेली बाई म्हणे हलली!"

मागे सिबालला हसू आवरेना. पूल ओलांडला, चढून रस्त्यावर आलो. गाडीच्या थांब्यापर्यंत थोडं रस्त्यानं चालावं लागतं, आणि मधे ते वळण येतं. वायलान तिथं नेहमी गप्प व्हायचा. आवाज थांबायचा आणि वळण संपलं की पुन्हा सुरू व्हायचा. खांद्यावाल्यांना ते ठाऊक होतं, कुणी काही बोलत नसे. आजही तो गप्प झाला.

"आवाज का बंद केलास?" झोळीतून सालिबा.

"सपाट रस्ता आहे, आपो."

"सपाट रस्त्यावर खड्डे नसतात? हे कुठलं वळण आहे ते मला माहीत आहे. मी आई आहे त्याची." तिनं झोळीची कड बाजूला करून रस्ता पाहिला. मग ती म्हणाली, "त्यानं तुला इथं काय सांगितलं होतं?"

वायलान थांबला. सिबालही थांबला. मला वाटलं, आता बांबू पडतो.

"उचल म्हणाला."

"मग? मला उचललीयस ना? चल तर. ओरड. माझं हाड मोडलंय, तुझं नाही."

तो ओरडला. आवाज फुटत होता, पण ओरडला. "खड्डा! डावा पाय! पुढे सपाट!" मी मागून चालत होते आणि माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. म्हातारीनं त्या वळणावर काय केलं ते मला तेव्हाच कळलं. वायलानला कळलं नाही. या घरातल्या पुरुषांना गोष्टी उशिरा कळतात, माझ्या वडिलांचंही तेच होतं.

सालिबा हॉस्पिटलमधून परत आली तेव्हा वायलाननंच तिला पुढच्या खांद्यानं वर नेलं. अर्धं सुंचोल ओसरीखाली जमलं होतं. मी तहाची राखणदार म्हणून मगांगनशेजारी बसले होते. म्हातारीला भिंतीला टेकवून बसवलं, आणि तिनं नातीला चुलीवरचं भांडं आणायला लावलं. स्वतःच्या हातानं कॉफी ओतली. थोडी सांडली. पहिला घोट तिनं स्वतः घेतला, पाहुण्याला द्यायच्या आधी यजमानानं घ्यायचा असतो तसा, आणि कप वायलानसमोर धरला.

ओसरीखालची माणसं पुढे सरकली. इतक्या वर्षांचं बंद पाणी ती म्हातारी उघडत होती.

आणि हा माझा भाचा, हा शहाणा, त्यानं दोन्ही हात छातीशी धरले आणि मान खाली घालून म्हणाला, "नको, आपो. माझं अजून फिटलेलं नाही."

आमच्या डोंगरात घरात बोलावून पुढे केलेला कप नाकारणं म्हणजे काय, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. कॉफी नाकारली म्हणजे घर नाकारलं. कपावरून इथं पिढ्यान्‌पिढ्या वैरं चालली आहेत. मगांगन उठला, शेजारच्या आपल्या घरात गेला आणि आढ्यावरून आमचा भाला काढून बाहेर घेऊन आला. तो मला परत दिला की तह संपला. माझ्या आजोबांचा, वडिलांचा, माझा.

"उग्गाय," तो म्हणाला, "तुझ्या माणसानं तहातल्या घरचा कप नाकारला. सगळ्यांसमोर. हा भाला तुझा."

"हात लावणार नाही मी त्याला!" मी उठले. "आधी मला या गाढवाशी बोलू दे. काय रे? तुरुंगात सुतारकाम शिकवलं, तिथंच हा माजही शिकवला का? म्हशी पोचवल्या मी. माझ्या आजोबांची थाळी गेली. तू खांदा धरलास म्हणून गाव माझ्यावर थुंकलं, ते पुसलं मी. आणि आज म्हातारी मोडक्या कंबरेनं तुझ्यासाठी कॉफी ओततेय तर तुला आता नम्रपणा सुचतोय?"

"मावशी, मी चांगल्यासाठीच—"

"चूप!" हे मी नाही, सालिबानं म्हटलं. कप अजून तिच्या हातात होता. "तुम्ही सगळेच चूप. मगांगन, भाला खाली कर, कुणाला तरी लागेल. पोरा, इकडे बघ. हे देणं कुणाचं आहे?"

"तुमचं, आपो."

"माझं. मग फिटलं की नाही हे कोण सांगणार?"

वायलाननं तिच्या हातातल्या कपाकडे पाहिलं.

"त्या वळणावर गाडीतून उतरलास, माझ्या मुलाकडे बघितलंस आणि तूच ठरवलंस की हा राहू दे इथं. त्याला विचारलं नाहीस. आज पुन्हा तूच ठरवतोयस. मलाही विचारत नाहीस. तेव्हा भीतीनं केलंस, आता चांगुलपणानं करतोयस. आमच्या वाटणीला काय फरक आला?"

असं बोलणं मी तहाच्या एवढ्या सभांमध्ये कुणा पुरुषाच्या तोंडून ऐकलेलं नाही. मगांगननं भाल्याचं टोक जमिनीकडे केलं.

वायलान तिच्यासमोर खालीच बसला. एवढा उंच माणूस, बसल्यावर तिच्या गुडघ्याएवढा वाटला. "आपो, खरं सांगू? हा कप प्यालो की माझं देणं संपलं. देणं संपलं की उद्यापासून मला कोण बोलावणार? मग मी कोण? पुन्हा तोच. आवींगला टाकून पळालेला." त्यानं स्वतःचा खांदा चाचपला. "पुढचा खांदा आहे तोवर मला सकाळी उठून कुठं जायचं ते कळतं."

सालिबानं सुपारी थुंकली. मला वाटलं आता ही त्याला कानफटात मारते. तिनं मागे बसलेल्या सिबालकडे बघितलं.

"सिबाल, याच्याइतका चांगला पुढचा खांदा तुझ्याकडे दुसरा आहे का?"

"नाही, आपो," सिबाल म्हणाला. "आवींग जास्त चांगला होता. पण हा बरा ओरडतो."

"ऐकलंस? मी तुला ती जागा शिक्षा म्हणून दिली होती. शिक्षा मी काढून घेते, ती माझी होती. जागा गावाची आहे, ती मला काढता येत नाही. आता पी. माझा हात दुखतोय."

वायलाननं कप दोन्ही हातांत घेतला. प्यायला. एका दमात, गरम असूनही, आणि त्याला जोराचा ठसका लागला. सुंचोलच्या कॉफीत साखर कॉफीपेक्षा जास्त असते. सगळं गाव श्वास रोखून त्याच्या पोटाकडे बघत होतं. शिकलेलेही बघत होते.

"फुगतंय का?" मागून कुणीतरी विचारलं.

"आधीच सुटलेलं आहे, कळायचं कसं?" सिबाल म्हणाला, आणि मग जे हसू फुटलं ते कड्यापर्यंत गेलं असेल. सालिबा हसता हसता कंबर धरून ओरडली, "हसवू नका, मेल्यांनो!" वायलान हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि त्यानं ते पुसलं नाही.

कप नाकारल्याचा दंड मी तिथंच जाहीर केला: माझ्या घरचं एक डुक्कर, चांगलं मोठं. मगांगन म्हणाला, असू दे, झालं ते झालं. मी म्हटलं, "असू दे काय? सालिबानं आत्ता काय सांगितलं ते तुम्ही ऐकलं नाहीत का? कप तिचा होता, डुक्कर पुरे की नाही ते ती ठरवेल, पण द्यायचा तो आम्ही देणारच." ते डुक्कर दोन्ही गावांनी मिळून खाल्लं, आणि भाला मगांगनच्या आढ्याला परत गेला. माझ्या बहिणीनं त्या जेवणात सालिबाच्या शेजारी बसून तिला मऊ तुकडे निवडून दिले, आणि त्या दोघी काय बोलल्या ते मला आजपर्यंत सांगितलेलं नाही.

त्यानंतर बरेच दिवस सुंचोलमध्ये कुणी आजारी पडलं नाही. वायलान सुतारकामात होता, पण रंधा मारता मारता त्याचे कान कड्याकडे असायचे. मधेच हात थांबायचा. मी बघायचे आणि न बघितल्यासारखं करायचे. मनात मात्र धाकधूक होती, की त्यांनी सिबालला पुढे घेतलं असेल, माणसं कॉफी पाजून मोकळी झाली असतील.

भातकापणीच्या दिवसांत एका सकाळी कड्यावरून हाक आली. आवाज नेहमीच्या पोरांचा नव्हता. फाटका, म्हातारा, आणि खूप रागावलेला होता. सालिबाला कुणीतरी कड्याच्या टोकावर आणून बसवलं होतं.

"वायलाऽऽन!" ती ओरडत होती. "ए वायलाऽऽन! सिबालच्या बायकोला कळा सुटल्यात! उचलायला ये!"

माझ्या बहिणीच्या हातातलं मुसळ खाली पडलं. मी वायलानला सांगायला वळले, तर रंधा लाकडावरच होता आणि तो पुलाच्या मध्यावर पोचला होता. पूल हलत होता आणि तो तिकडे तोंड करून, साऱ्या दरीला ऐकू जाईल असा ओरडत होता, "आलो, आपो! आलो!"